फाइलमधलं चौथं अक्षर

तो मुलगा खुर्चीत नीट बसला, हात मांडीवर ठेवले आणि सुरू झाला. वडील कधी गेले, आईने दुसरा घरोबा कधी केला, काका काय करायचा, कसाऱ्याहून लोकल कशी पकडली, ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर किती रात्री काढल्या. सगळं क्रमाने, कुठेही न अडखळता. एका जागी तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इथे आधीच्या मॅडम रडल्या होत्या." मग पुढे चालू. शाळेत साहेब तपासणीला आले की एखादा मुलगा कविता म्हणून दाखवतो ना, तसा सूर. वय अकरा. (मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे. ती नसती तरी मी नाव लिहिलं नसतं. बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केलेत.)

तो गेल्यावर फाइल चाळली. निळ्या पेनाचं तिरकं अक्षर, मग काळ्या शाईतलं गोल, मग घाईघाईचं, रेघ सोडून वर चढत गेलेलं. माझ्या आधीच्या तिघी समुपदेशकांनी तीन गृहचौकशी अहवाल लिहिले होते आणि तिन्ही पार मुलाच्या जन्मापासून सुरू होत होते. काका पहिलीच्या अहवालात दारुडा होता, दुसरीच्या अहवालात 'सहकार्य करणारा' होता आणि तिसरीच्या अहवालात नव्हताच. त्या तिघींपैकी कुणीही कामचुकार नव्हती. प्रत्येकीला काम समजायला लागलं आणि तेवढ्यात ती गेली, एवढंच. माझं अक्षर चौथं.

मी तीन वर्षं टिकले. कंत्राटी समुपदेशक म्हणून. मग मीही सोडलं आणि आता ऐरोलीच्या एका कंपनीत सीएसआरचं (कंपनीने समाजासाठी करायच्या उपक्रमांचं) काम बघते. तेव्हा पुढचं सगळं पळून गेलेल्या माणसाचं बोलणं आहे असं समजूनच वाचा. पण पळालेल्या माणसाला दार कुठून उघडं असतं ते नीट माहीत असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे मुलांच्या संरक्षणाचा कायदा वाईट नाही, उलट बराच चांगला आहे. सापडलेलं मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणायचं, १५ दिवसांत सामाजिक तपासणी पुरी करायची, चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा. समितीला पहिल्या वर्गाच्या दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. लिहिणाऱ्यांनी विचार करून लिहिलंय. फक्त हे सगळं ज्याने पायी फिरून करायचं तो माणूस या कामात टिकत नाही, आणि त्याने टिकू नये अशीच व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

आता हिशेब. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९ साली आली, पुढे तिचंच मिशन वात्सल्य झालं. त्याच्या आराखड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या पदांची मानधनं ठरवून दिलेली आहेत. समुपदेशकाला महिन्याला १८,५३६ रुपये. सामाजिक कार्यकर्त्यालाही तेवढेच. संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४. आणि वस्तीत जाऊन दारं ठोठावणाऱ्या आउटरीच वर्करला १०,५९२. हे दरमहा, कंत्राटावर. ठाण्यात राहून दहा हजारांत घर चालवणाऱ्या माणसाला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. दिवा स्टेशनजवळ चाळीतली खोली घेतली तरी भाडं आणि रेल्वेचा पास काढून हातात जे उरतं त्यात वडापाव खाऊन महिना काढावा लागतो, आणि वडापावही आता स्वस्त राहिला नाही.

एका जिल्ह्याच्या कक्षाला असे आउटरीच वर्कर दोन. आता आपला जिल्हा बघा. २०१४ साली पालघर वेगळा झाला, तरी २०११च्या जनगणनेचे आकडे धरले तर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात ८० लाख लोक. सहा महानगरपालिका: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर. एका टोकाला उत्तनचा किनारा, दुसऱ्या टोकाला कसारा घाट, तिसरीकडे मुरबाडचे पाडे. भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं येतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात, त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही. हे सगळं दोन माणसांनी बघायचं. संस्थांची माणसं असतात, अंगणवाडी सेविका असतात, पोलीस असतात, मान्य. पण मूल कुणाच्या जबाबदारीचं, असं विचारलं तर सरकारी कागद याच कक्षाकडे बोट दाखवतो.

त्या दोघांवर वर्षाला होणारा खर्च २,५४,२०८ रुपये. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या दहीहंडीचं बक्षीस याच्या कितीतरी पुढे जातं. हंडीवर माझा राग नाही, आमच्या गल्लीतलं पथक दरवर्षी थर लावायला जातं आणि मी टाळ्या वाजवायला असते. शहराकडे पैसे नाहीत असं मात्र मला कुणी सांगू नये.

माझा खरा राग 'मानधन' या शब्दावर आहे. तलाठ्याला पगार असतो, लिपिकाला पगार असतो, मुलांच्या कामाला मानधन. म्हणजे काम तुम्ही मनाच्या मोठेपणाने करताय, आम्ही आपलं मान म्हणून काहीतरी हातावर ठेवतो. नात्यातली माणसं मला म्हणायची, "किती पुण्याचं काम करतेस गं!" आणि त्याच दमात, "पण पुढे काय?" पुण्य आणि 'पुढे काय' या दोन गोष्टी आपल्या घरांत एका ताटात बसतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या मुलीला घरचे लग्नाआधी चार वर्षं 'आवड म्हणून' करू देतात, मुलाला तेवढंही नाही. बालगृहात वडिलांच्या वयाचा, शांत आवाजाचा एखादा पुरुष समुपदेशक मिळणं किती दुर्मीळ आहे, आणि काही मुलग्यांना त्याचीच किती गरज असते, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा.

राज्याच्या बालसंगोपन योजनेला आपण क्रांतिज्योती सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एकल पालकांच्या, आजारी पालकांच्या मुलांना त्याचा खरोखर आधार होतो, मूल बालगृहात न जाता घरी राहतं. चांगली योजना आहे. पण ज्या बाईने जोतिरावांबरोबर १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा म्हणून वाढवला, तिच्या नावाच्या योजनेची गृहभेट करायला आपण अकरा महिन्यांच्या करारावरची पोरगी पाठवतो.

गृहभेट हे काय काम आहे ते जरा जवळून सांगते, कारण 'चौकशी करायची, फॉर्म भरायचा, त्यात काय शिकायचं?' असं वरच्या खुर्च्यांनाही वाटतं.

नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सेक्टर आणि प्लॉट नंबर येतो. सिडकोने आखलेलं शहर. पण ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून एमआयडीसीच्या बाजूला गेलात की दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर लागतं, आणि तिथला पत्ता असा असतो: 'टाकीच्या मागे, चिकनवाल्याच्या वरचा माळा.' पहिल्या वर्षी मी तिथे सकाळी अकराला जायची, कारण ऑफिस दहाला सुरू व्हायचं. कुलूप. अहवालात लिहायची, 'घर बंद, पालक सहकार्य करत नाहीत.' आई एपीएमसी मार्केटात लसूण निवडायला गेलेली असायची. माझ्या त्या एका ओळीने तिचं मूल आणखी दोन महिने संस्थेत राहिलं असेल, हे मला खूप नंतर कळलं. तिसऱ्या वर्षापर्यंत अक्कल आली होती. नळाला पाणी यायची वेळ काढून जायची, कारण त्या वेळेला वस्तीत सगळं घर हजर असतं आणि शेजारणी बोलतात. दिलेला चहा प्यायचा, कितीही गोड असला तरी. चहा पिता पिता बघायचं: मुलाचं दप्तर खुंटीला आहे की पोत्याखाली? रॅकवर ताटं किती, आणि घरात माणसं किती सांगितली? मुलाला प्रश्न विचारला की उत्तर कोण देतं? आजी बोलताना कुणाकडे बघते? हे कुठल्या फॉर्ममध्ये नाही. दोनशे घरं चढून-उतरून ते अंगात येतं, आणि ते अंगात आलं त्याच सुमारास मी राजीनामा दिला.

सुताराचा हात बसायला काही वर्षं लागतात हे आपण मानतो. नर्सबाईंच्या अनुभवाला मान देतो. मुलाच्या मनात काय चाललंय ते वाचायला मात्र आपल्याला कोरी करकरीत माणसं चालतात, दरवर्षी नवी.

२० ऑगस्ट २०२४. बदलापूर. लोक रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद राहिल्या. दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला होता. लोकांचा संताप खोटा नव्हता. मी त्या दिवशी कल्याणच्या पुढे जाऊ शकले नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. रुळांवरची गर्दी फाशी मागत होती. पण उद्या सकाळी त्या मुलींच्या शेजारी कोण बसणार, पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, मग कोर्टात वर्षानुवर्षं, हा प्रश्न मला त्या घोषणांत कुठे ऐकू आला नाही, आणि नंतरच्या आठवड्यांत टीव्हीवरच्या चर्चांतही नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२०च्या नियमांत त्याचं उत्तर आहे. सहायक व्यक्ती. इंग्रजीत सपोर्ट पर्सन म्हणतात. बालकल्याण समिती तिला नेमते. तपासापासून निकालापर्यंत ती मुलाबरोबर राहते, कोर्टात काय होणार ते आधी समजावते, तारीख कधी आहे ते घरच्यांना सांगते, नुकसानभरपाईच्या अर्जाला मदत करते. फाशीची मागणी करायला एक दिवस पुरतो. सहायक व्यक्तीला एकेका मुलामागे कित्येक वर्षं द्यावी लागतात, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

१०९८चंही सांगायला हवं. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, आणि पुढे देशभर गेली. २०२३ मध्ये ती संस्थांकडून काढून राज्य सरकारांकडे दिली गेली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घ्यावी हे तत्त्व मला पटतं. मुलाचा फोन ही कुठल्या संस्थेच्या देणगीवर अवलंबून राहायची गोष्ट नाहीच. पण हे करताना जी माणसं वर्षानुवर्षं स्टेशनं पालथी घालत होती, ज्यांना चहावाला आणि बूटपॉलिशवाला नवं पोर दिसलं की आपणहून हाक मारायचा, त्यांचं काय झालं? फोन नंबर सरकारकडे आला, ओळखीपाळखी आल्या नाहीत. त्या फाइलला लावून देता येत नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला: कायम केलं की माणूस सरकारी होतो, मग साडेपाचला खुर्ची रिकामी. खोटं बोलत नाही, असे लोक मी पाहिलेत. एका कार्यालयात (नाव राहू दे) एका कायम साहेबांच्या टेबलावर बालसंगोपनाचा अर्ज पाच महिने पडून होता, कारण रेशनकार्डावर आडनाव 'पवार' आणि आधारवर 'पवर' होतं. एका कान्यासाठी पाच महिने. पण तेव्हा त्या आईला निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते माहीत होतं. कंत्राटी माणूस बदलला की शिव्या द्यायलाही कुणी उरत नाही. आणि उलट बाजू बघा. अंगणवाडी सेविकेला पैसे कमीच मिळतात, तिचेही मोर्चे निघतात, पण ती वीस-वीस वर्षं त्याच वस्तीत असते. कुठल्या घरी नवं मूल कामाला आणलंय, कुठली पोर अचानक शाळेत जायची बंद झाली, ते कक्षाच्या आधी तिला कळतं. तिची नेमणूक राहत्या वस्तीत होते आणि ती तिथेच राहते, हेच तिचं बळ.

मला स्वतःला सरसकट कायम नोकरीचा हट्ट नाही. पाच वर्षांचा करार द्या, दरवर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार काढा, जिल्ह्याच्या लोकसंख्येवर माणसं ठरवा. गडचिरोलीला जेवढी तेवढीच ठाण्याला, हे गणित कुणालाच न्याय देत नाही. तिथे अंतरं मारतात, इथे गर्दी. आणि महानगरपालिकांनी हात झटकणं बंद करावं. महिला व बालकल्याणासाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात पाच टक्के राखून ठेवायचे असतात. ते कुठे जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: शिलाई मशीन, घरघंटी, हळदीकुंकू, व्यासपीठामागे नगरसेविकेचा फोटो. शिलाई मशीनने कुणाचं घर चालत असेल तर आनंद आहे. पण त्यातला 'बाल' कुठे गेला? याच निधीतून प्रत्येक प्रभाग समितीत पूर्ण वेळ एक बालसंरक्षण कार्यकर्ती नेमायला काय हरकत आहे? नवी मुंबई पालिकेने वाशीला विशेष मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी ईटीसी केंद्र काढलं आणि २००७ पासून चालवलं, म्हणजे मनात आणलं तर पालिकेला जमतं.

बालगृहांत केक घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी लिहिणार नव्हते, पण राहवत नाही. आता मी स्वतःच कंपनीतर्फे असे 'उपक्रम' आखते, त्यामुळे तोंड वर करून बोलायला जागा नाही. एका रविवारी मी बालगृहात चार केक मोजले. चार अनोळखी लोकांचे वाढदिवस. चौथ्या केकला मुलं टाळ्या वाजवत होती आणि क्रीम बोटाने बाजूला सारत होती. कंपनीत मी दोन वर्षं भांडून एक गोष्ट करून घेतली: फोटो बंद, आणि ज्याला जायचं त्याने वर्षभर दर शनिवारी जायचं, गणित शिकवायचं, नाहीतर जायचंच नाही. साठ जणांनी नावं दिली होती. अट सांगितल्यावर सात उरले. ते सात अजून जातात.

ठाण्यात तीन हात नाक्याला उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा आहे. मराठवाड्यातून आलेली, पुलाखाली राहणारी, सिग्नलला गजरे विकणारी मुलं. त्यांच्यासाठी तिथेच कंटेनरमध्ये वर्ग. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने २०१६ साली सुरू केली. लोक त्यातल्या कंटेनरचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते याचं की ती शाळा दुसऱ्या दिवशीही तिथेच होती, आणि तिसऱ्या वर्षीही. मूल सकाळी आलं नाही तर बाई दहा पावलांवरच्या त्याच्या पालात जाऊन त्याला उठवून आणू शकतात.

मागच्या महिन्यात कळव्याच्या एका मैत्रिणीची मुलगी भेटायला आली. एमएसडब्ल्यूचं शेवटचं वर्ष. तिच्यापुढे दोन अर्ज होते, एक आमच्यासारख्याच एका कंपनीचा, दुसरा जिल्ह्यातल्या कंत्राटी पदाचा. मी तिला पैशाचं सगळं खरं सांगितलं, मानधन दोन-दोन महिने थकतं तेही सांगितलं. सहायक व्यक्ती व्हायला सामाजिक कार्यातली किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, नाहीतर साधी पदवी आणि मुलांच्या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव; म्हणजे कंपनीत राहूनही ते करता येईल, हेही सांगितलं. कविता म्हटल्यासारखं बोलणाऱ्या त्या मुलाचंही सांगितलं. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "मावशी, तुम्ही निघताना त्या मुलाला काय सांगितलंत?"

काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी चार्ज दिला होता, सोमवारी तो भेटायला येणार होता. फाइलच्या शेवटच्या पानावर फक्त एक ओळ लिहून आले होते, 'याला पुन्हा पहिल्यापासून विचारू नये, पान ७ ते १९ पाहावे.' पुढे पाचव्या अक्षराची मुलगी मला एकदा ठाणे स्टेशनला भेटली तेव्हा म्हणाली की तिला ती फाइल हातात मिळायलाच दीड महिना लागला. तोवर त्याने तिला सगळं म्हणून दाखवलं होतं.